बीजराखणीचा सन्मान : पुरस्कार कशासाठी आणि त्यानंतर काय?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दृष्टीने ८ नोव्हेंबर २०२१ हा दिवस विशेष ठरला. सन २०२० साठी जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांचे वितरण त्या दिवशी राष्ट्रपती भवनात तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. पद्मश्रीच्या मानकऱ्यांत या जिल्ह्यातील दोन नावे होती. पहिले नाव हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांचे. त्यांचे काम पाण्याचे. दुसरे नाव अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांचे. त्यांचे काम बियाण्यांचे. शाळेची पायरी न चढलेल्या आणि आयुष्यभर शेतात राबलेल्या एका महादेव कोळी समाजातील स्त्रीचा देशाने ‘बीजमाता’ म्हणून गौरव केला, याचे कौतुक सर्वत्र झाले.

कौतुकाचा भर ओसरल्यानंतर मात्र काही प्रश्न उरतात. गावरान धान्य पिकवणाऱ्या, त्याचे बी राखणाऱ्या आणि त्यातून घरचे ताट भरणाऱ्या उत्पादकांसाठी आपल्याकडे नेमके कोणते पुरस्कार आहेत? ते कोणत्या कामाची दखल घेतात? कायद्यात त्यांना कोणता आधार आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका व्यक्तीला मिळालेल्या सन्मानामुळे एखादा वाण खरोखरच वाचतो का? या प्रश्नांचा हा आढावा.

एका नदीकाठच्या दोन शेती

क्षेत्रफळाच्या दृष्टीने राज्यातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. बहुतांश जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांना दुष्काळ नवा नाही. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचे चित्र याच्या अगदी उलट आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर, रतनवाडी या गावांत पाऊस अक्षरशः कोसळतो. १,६४६ मीटर उंचीचे आणि राज्यातील सर्वोच्च असलेले कळसूबाई शिखर याच भागात आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा येथूनच पूर्वेकडे वाहू लागते.

१९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने याच प्रवरेचे पाणी अडवले आणि कालव्यांनी ते खालच्या तालुक्यांत नेले. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. सहकाराच्या इतिहासात या घटनेचे स्थान मोठे आहे. नदीच्या वरच्या अंगाला मात्र उतारावरच्या लहान लहान तुकड्यांत भात, नागली, वरई, खुरासणी आणि परसातला घेवडा अशी मिश्र शेती चालू राहिली. धरणाचे पाणी डोळ्यांसमोर असूनही ही शेती प्रामुख्याने पावसावरच अवलंबून राहिली.

खालच्या शेतीला बाजार मिळाला, पतपुरवठा मिळाला, संशोधनाचे पाठबळ मिळाले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही याच जिल्ह्यातले. वरच्या शेतीकडे मात्र दीर्घकाळ ‘मागास’ म्हणूनच पाहिले गेले. परंतु खालच्या शेतीतून बहुतांश हद्दपार झालेले वाण नेमके या मागास ठरवलेल्या शेतीने जपले. राहीबाईंच्या सन्मानाचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

कोंभाळण्याचे काम

राहीबाईंचा जन्म १९६४ मधील. नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा संकरित बियाणे आणि फवारणीच्या अन्नाशी त्याचा संबंध असावा असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्या जुन्या बियाण्यांकडे वळल्या, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. आजाराचे ते कारण वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झाले होते की नाही हा वेगळा विषय आहे. त्या समजुतीतून उभे राहिलेले काम मात्र मोजता येण्यासारखे आहे. १७ पिकांचे ४३ स्थानिक वाण त्यांनी जतन केल्याची नोंद २०१८ च्या सुमारास झाली होती. त्यांत भात, वाल-घेवडा, भरडधान्ये, कडधान्ये आणि तेलबिया यांचा समावेश होता. नंतरच्या नोंदींत वाणांचा आकडा शंभराच्या पुढे गेलेला दिसतो.

या कामाला संस्थात्मक जोड मिळाली ती बाएफ या संस्थेची. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेली ही संस्था प्रारंभी गोपैदाशीच्या कामासाठी ओळखली जाई. पुढे तिने अकोले, पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि नंदुरबारमधील धडगाव या आदिवासी भागांत स्थानिक पीक वाणांच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. गावोगावी फिरून वाण गोळा करणे, त्यांचे गुणधर्म लिहून ठेवणे, शुद्ध बी वेगळे काढणे आणि गावातच बीजकोष उभारणे, असे या कामाचे स्वरूप आहे. अकोले तालुक्यात त्यासाठी ‘कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती’ स्थापन झाली. राहीबाई या समितीच्या क्रियाशील सदस्य आहेत.

बीजकोषाचा व्यवहार साधा आहे. हंगामाच्या तोंडावर शेतकरी बी नेतो आणि सुगीनंतर त्याच्या दुप्पट परत करतो. जुन्या काळी गावात चालणाऱ्या सवाई-दिढीच्या धान्यव्यवहाराची येथे आठवण होईल. फरक इतकाच की, येथील वाढीव धान्य सावकाराच्या कणगीत न जाता पुढच्या शेतकऱ्याच्या पेरणीसाठी राखून ठेवले जाते. परसबाग हा या कामाचा दुसरा भाग. घराभोवतीच्या जागेत वर्षभर काही ना काही भाजी, शेंग, कंद मिळत राहील अशी लागवड राहीबाईंनी केली. एका कुटुंबाची वर्षाची गरज भागेल इतके वैविध्य त्यांच्या बागेत असल्याचे बाएफच्या पाहणीत आढळले होते.

गावरान, सुधारित आणि संकरित

या विषयावर बोलताना तीन शब्दांची गल्लत सर्रास होते. ग्रामीण बोलीत दुकानातून आणलेल्या प्रत्येक बियाण्याला ‘हायब्रीड’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वास्तविक संकरित बियाणे म्हणजे दोन निवडक वाणांच्या संकरातून तयार होणाऱ्या पहिल्या पिढीचे बी. त्याचे पीक जोमदार येते, परंतु त्याच पिकाचे बी पुढच्या वर्षी पेरल्यास मूळ गुण टिकत नाहीत. त्यामुळे दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. १९६४ मध्ये प्रसारित झालेली सीएसएच-१ ही देशातील पहिली संकरित ज्वारी. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी रुळला तो अशाच ज्वारीमुळे.

सुधारित वाण म्हणजे संशोधन केंद्रात निवडीने किंवा संकरानंतर अनेक पिढ्या स्थिर करून तयार केलेला वाण. भाताचे बहुतेक सुधारित वाण या प्रकारचे आहेत आणि त्यांचे बी शेतकऱ्याला काही वर्षे घरी राखता येते. गावरान किंवा स्थानिक वाण म्हणजे एखाद्या भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, तेथील माती-पावसात मुरवून टिकवलेले बी. अकोल्याच्या बाबतीत काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी, आंबेमोहोर ही भाताची नावे या संदर्भात घेतली जातात. काळ्या टरफलाचा सुवासिक काळभात तर या भागाची ओळखच मानला जातो.

‘गावरान’ म्हणजे आपोआपच ‘सेंद्रिय’ असेही समजू नये. बी कोणते आणि ते कोणत्या पद्धतीने पिकवले, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. राहीबाई ज्या चारसूत्री भात लागवडीत पारंगत आहेत, तिचेच उदाहरण घेता येईल. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत भाताच्या तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर मोजक्या रोपांची लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट ही चार सूत्रे सांगितली आहेत. त्यांपैकी चौथे सूत्र रासायनिक खताचे आहे. एखाद्या पुरस्काराचे निकष वाचताना तो वाणासाठी आहे, पद्धतीसाठी आहे की तयार पदार्थासाठी, हे म्हणूनच पाहावे लागते.

राखणीची विद्या

बी राखणे म्हणजे धान्य साठवणे नव्हे. खाण्याचे धान्य कणगीत जाते, बियाण्याची निवड मात्र उभ्या पिकातच होते. शेताच्या मधल्या भागातील, रोग नसलेली, एकाच वेळी पक्व होणारी कणसे किंवा लोंब्या आधी हेरून ठेवाव्या लागतात. भात आणि नागली ही स्वपरागसिंचित पिके असल्याने त्यांचे वाण शेजारी शेजारी पेरले तरी फारसे मिसळत नाहीत. भेसळ होते ती बहुधा खळ्यावर किंवा पोत्यात. बाजरी, मका, काकडी, भोपळा यांचे तसे नाही. वारा किंवा मधमाश्या परागकण नेत असल्याने दोन वाणांत अंतर ठेवावे लागते, नाहीतर दोन-चार हंगामांत मूळ वाण हरवतो.

साठवणुकीच्या रीतीही पिकागणिक वेगळ्या. कडधान्याचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवतात. राखेमुळे ओल शोषली जाते आणि भुंग्याला शिरकाव करणे अवघड जाते. धान्यात कडुनिंबाचा पाला घालतात. मक्याची कणसे चुलीच्या धुरात टांगतात. दोडका, काकडी, भोपळा यांच्या बिया शेणात कालवून भिंतीवर थापण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. हे काम परंपरेने घरातील स्त्रीचे. पेरणीला कोणते बी काढायचे, लेक सासरी जाताना तिच्या पदरात कोणते बांधायचे, शेजारणीला कोणते द्यायचे, याचे निर्णय तीच घेई. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीकडे गावाच्या पीकवैविध्याची किल्ली असे. म्हणूनच बीजराखणीचा पुरस्कार स्त्रीकडे जाणे हा योगायोग मानता येत नाही.

पुरस्कारांचे प्रकार

अशा उत्पादकांच्या वाट्याला येणारे सन्मान ढोबळमानाने चार प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार सर्वसाधारण नागरी सन्मानांचा. पद्म पुरस्कार हे त्यांपैकी प्रमुख. पद्मश्रीसोबत सनद आणि पदक मिळते, रोख रक्कम नसते, आणि हा किताब नावाला जोडून वापरता येत नाही. अलीकडच्या वर्षांत बीजराखणदारांना या यादीत स्थान मिळू लागले आहे. ओडिशाच्या कोरापुट भागातील भातवाण जपणाऱ्या कमला पुजारी यांना २०१९ मध्ये, तर केरळच्या वायनाडमधील चेरुवयल रामन यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. स्त्रियांच्या कार्यासाठीचा २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार राहीबाईंना ८ मार्च २०१९ रोजी प्रदान करण्यात आला. त्यापूर्वी २०१८ मध्ये बीबीसीने जगभरातील शंभर स्त्रियांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत भारतातील तिघींपैकी त्या एक होत्या.

दुसरा प्रकार खास पीकवाणांसाठीचा आणि तो थेट कायद्यातून आलेला आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जनुक निधीतून हे पुरस्कार दिले जातात. त्यांना ‘प्लांट जिनोम सेव्हियर’ म्हणतात. त्यांचे तीन स्तर आहेत. समूहांसाठी प्रत्येकी १० लाख रुपयांचे वर्षाला पाच पुरस्कार, शेतकऱ्यांसाठी प्रत्येकी दीड लाखाची दहा पारितोषिके आणि प्रत्येकी एक लाखाचे वीस सन्मान अशी कमाल संख्या ठरलेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीत शेतकरी हक्कांवरील पहिली जागतिक परिषद झाली, तेव्हा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते असे २६ पुरस्कार देण्यात आले.

तिसरा प्रकार राज्य शासनाच्या कृषी पुरस्कारांचा. डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न, वसंतराव नाईक कृषिभूषण, स्त्री-शेतकऱ्यांसाठीचा जिजामाता कृषिभूषण, सेंद्रिय शेती कृषिभूषण, उद्यानपंडित ही नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. यांतील सेंद्रिय शेती कृषिभूषण हा पद्धतीचा सन्मान आहे. तेथे बी गावरानच असले पाहिजे असा आग्रह मुख्य नसतो.

चौथा प्रकार आंतरराष्ट्रीय. इटलीतील ब्रा या गावी कार्लो पेत्रिनी यांनी सुरू केलेल्या ‘स्लो फूड’ चळवळीने झटपट खाण्याला विरोध करता करता स्थानिक अन्न पिकवणाऱ्यांकडे जगाचे लक्ष वेधले. २००० ते २००३ या काळात तिने जैवविविधतेच्या रक्षणासाठी पुरस्कारही दिले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक स्थानिक आणि आदिवासी समूहांसाठी आहे. तेलंगणातील जहीराबाद परिसरात दलित स्त्रियांचे संघम उभारून भरडधान्यांची शेती टिकवणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीला ते २०१९ मध्ये मिळाले.

भौगोलिक मानांकनाची गणना मात्र पुरस्कारांत करू नये. १९९९ च्या कायद्यानुसार मिळणारे हे मानांकन म्हणजे नावाचे संरक्षण आहे. आजऱ्याचा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहोर, साताऱ्याचा वाघ्या घेवडा, नवापूरची तूरडाळ, मंगळवेढ्याची ज्वारी यांना ते मिळाले आहे. ते एका शेतकऱ्याचे नसून त्या भागातील उत्पादकांचे असते आणि दर दहा वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

कायद्याची नजर आणि स्वयंपाकघराची नजर

२००१ च्या कायद्यातील कलम ३९ शेतकऱ्यांच्या हक्कांसंबंधी आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पादन, अगदी बियाणेसुद्धा, राखण्याचा, वापरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क या कलमाने अबाधित ठेवला. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेसह विकण्यास तेवढी मनाई आहे. अकोल्यातील बीजकोषाचा दुप्पट परतीचा व्यवहार या हक्काच्या चौकटीत बसतो.

याच कलमात बक्षिसाचीही तरतूद आहे. स्थानिक वाण आणि पिकांचे रानटी सोयरे जपणाऱ्या, निवडीने सुधारणाऱ्या शेतकऱ्याला जनुक निधीतून सन्मान आणि बक्षीस मिळण्याचा हक्क आहे. परंतु त्याला एक परंतुक जोडलेले आहे. जपलेल्या वाणातील जनुकांचा उपयोग नोंदणीयोग्य वाण तयार करण्यासाठी झालेला असावा, अशी ती अट आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत स्थानिक वाण हा प्रामुख्याने पैदासकाराचा कच्चा माल आहे. उद्याच्या एखाद्या रोगप्रतिकारक भाताला लागणारा गुण काळभातात सापडेल, म्हणून काळभात मोलाचा.

राखणाऱ्या घराची नजर वेगळी असते. कमी पावसातही हाती काहीतरी लागेल म्हणून नागली, बाळंतिणीला अमुक तांदळाची पेज, सणाला सुवासिक भात, जनावरांना आणि छपराला उंच वाणाचा पेंढा, आणि पावसाळ्याच्या शेवटी घरात पैसा नसताना दारचा घेवडा, असे तिचे हिशेब असतात. एकरी उताऱ्याच्या रकान्यात हे हिशेब मांडता येत नाहीत. उत्तम पुरस्कार तोच म्हणावा लागेल, जो या दोन्ही नजरांना जागा देतो.

व्यक्ती की समूह?

बीजराखणीच्या पुरस्कारांतील सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे. वाण एका घरात टिकत नाही. एका वर्षी एका शेतात करपा पडला, दुसऱ्या घरात बी किडले, तिसऱ्याचे पीक पावसाने लोळवले, तरी चौथ्याकडे तेच बी शाबूत असते आणि तेथून ते पुन्हा पसरते. वाणाची सुरक्षितता ही अशी अनेक घरांत विखुरलेली असते. सन्मान मात्र व्यासपीठावर एकाच व्यक्तीला स्वीकारावा लागतो.

व्यक्तीच्या सन्मानाचे लाभ नाकारता येणार नाहीत. चेहरा असल्याशिवाय बातमी होत नाही आणि बातमीशिवाय विषय शहरापर्यंत पोहोचत नाही. ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी राहीबाईंना ‘सीड मदर’ म्हटले आणि त्या संबोधनाने जे साधले, ते बीजसंवर्धनावरच्या अनेक अहवालांना साधले नव्हते. आदिवासी स्त्रीकडे ज्ञान असते ही गोष्ट सर्वसामान्य वाचकाला त्यातून पटली. त्याची दुसरी बाजूही आहे. एकीच्या अंगणात वर्दळ वाढते, सत्कार आणि व्याख्यानांची निमंत्रणे वाढतात, आणि इतर घरांतील राखणदार अनामिकच राहतात. म्हणूनच जनुक निधीच्या पुरस्कारांत समूहासाठी सर्वांत मोठी रक्कम ठेवली गेली, हे योग्यच झाले. बक्षिसाची रक्कम बीजकोषाची खोली, वजनकाटा, हवाबंद डबे, वाळवणाची जागा अशा सामाईक गोष्टींवर खर्ची पडली, तर तिचा उपयोग पुरस्कारानंतरही टिकतो.

पुरस्कारासाठी पुढे येताना

अनेक राखणदार पुरस्कारापासून दूर राहतात ते कामाच्या अभावी नव्हे, कागदाच्या अभावी. वाणाचे स्थानिक नाव, तो किती वर्षांपासून कोणत्या गावात घेतला जातो, पक्व होण्याचे दिवस, दाण्याचा रंग व आकार, रोगाला किंवा पाण्याच्या ताणाला तोंड देण्याची क्षमता, घरातील उपयोग आणि दरवर्षी पेरलेले क्षेत्र एवढ्या नोंदी वहीत ठेवल्या, तरी निम्मे काम होते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. त्या नोंदवहीत वाणाचा उल्लेख असल्यास दाव्याला बळकटी येते.

शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी हा पुरस्काराहून वेगळा, परंतु तितकाच महत्त्वाचा मार्ग आहे. त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य या कसोट्यांवर वाण तपासला जातो. शेतकऱ्यांच्या वाणांना एकसारखेपणाच्या कसोटीत काहीशी सवलत आहे. अर्जावर जैवविविधता समितीचे अध्यक्ष वा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा आदिवासी विकास खात्याचे जिल्हा अधिकारी यांपैकी एकाची साक्ष लागते. जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. अशा अर्जांबाबतचे मार्गदर्शन तेथे मागता येते.

सन्मानानंतरचा बाजार

पुरस्काराने प्रतिष्ठा मिळते, भाव मिळतोच असे नाही. शेतकऱ्यांनी गावरान वाण सोडले ते अज्ञानापोटी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उंच वाढणारा भात वाऱ्या-पावसात लोळतो, त्याचा उतारा सुधारित वाणापेक्षा बहुधा कमी असतो, आणि गिरणीवाला थोडेसे वेगळे भात स्वतंत्रपणे भरडून देण्यास नाखूश असतो. वरईचे टरफल काढणे हे तर अत्यंत कष्टाचे काम. उखळ-मुसळाने ते करताना बाईच्या हाताला घट्टे पडतात. त्यातच शिधावाटप दुकानातून तांदूळ आणि गहू घरपोच होऊ लागल्यावर नागली-वरईचे ताटातील स्थान आक्रसत गेले. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरात नागलीच्या बिस्किटांना मागणी आली. मात्र ती बिस्किटे कोणाच्या शेतातील नागलीची आणि त्या शेतकऱ्याच्या हाती किती पडले, हा प्रश्न सोहळ्यांत क्वचितच विचारला गेला.

म्हणूनच पुरस्काराच्या जोडीला तीन गोष्टींची गरज आहे. पहिली, गावाजवळ लहान क्षमतेची भरडणी आणि टरफल काढण्याची यंत्रे. दुसरी, वाणाच्या नावानिशी विक्री. ‘गावठी तांदूळ’ या मोघम नावाने विकला गेलेला रायभोग गिऱ्हाइकाच्या लक्षात राहत नाही. सेंद्रियतेचा दावा असल्यास सहभाग हमी पद्धतीने, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने परस्परांची तपासणी करून, कमी खर्चात प्रमाणीकरण घेता येते. तिसरी गोष्ट म्हणजे आश्रमशाळा आणि अंगणवाडीच्या आहारात स्थानिक धान्याला जागा. परिसरातील मुलांच्या ताटात नागलीची भाकरी आणि गावचा घेवडा गेला, तर पेरणीला हमखास गिऱ्हाईक मिळेल.

शीतगृहातील बी आणि शेतातील बी

दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश तापमानात साठवलेले आहेत. आपत्तीच्या काळात या साठ्याचे मोल अपार आहे. परंतु थंडीत गोठवलेले बी बदलत्या पावसाशी जुळवून घेत नाही. ते ज्या वर्षी ठेवले, त्या वर्षात थांबते. शेतात दरवर्षी पेरले जाणारे बी मात्र नव्या किडीला, लांबलेल्या पावसाला, वाढत्या उष्म्याला तोंड देत देत निवडले जाते. दोन्ही साठे एकमेकांना पूरक आहेत. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पुढाकाराने या शतकाच्या दुसऱ्या दशकात जनुक कोषाचा प्रकल्प राबवला गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र जनुक कोष’ या पाच वर्षांच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्यात स्थानिक पीक वाणांचा स्वतंत्र विषय आहे. शेतावरच्या संवर्धनाला सरकारी कागदात मिळालेली ही जागा स्वागतार्ह आहे.

तथापि, बियाण्याचे आयुष्य शेवटी काही हंगामांचे असते. मडक्यात चार-पाच वर्षे पडून राहिलेल्या बियाची उगवणशक्ती घटत जाते. सनद भिंतीवर टांगली तरी टिकते, वाण मात्र पेरावाच लागतो. राहीबाईंच्या पिढीनंतर कोंभाळणे आणि आसपासच्या गावांतील किती घरे बीजकोषातून बी नेतील आणि दुप्पट करून परत आणतील, यावर या सन्मानाचे यश ठरणार आहे. पुरस्कार देणाऱ्यांनी दर काही वर्षांनी मानकऱ्यांच्या गावी जाऊन पेरलेले क्षेत्र आणि बी राखणाऱ्या घरांची संख्या यांची नोंद घेतली, तर या सन्मानांना अधिक अर्थ येईल आणि व्यासपीठावर न आलेल्या राखणदारांची नावेही त्या नोंदीत येतील.